आमच्याकडे

शिवणखान्यातल्या बायका बोलायला लागल्या की 'आमच्याकडे' हा शब्द हमखास यायचा. आमच्याकडे चहा असा पाणचट नसतो, आमच्याकडे सासूला उलट बोलत नाहीत. त्यांच्यातली वयाने धाकटी तेवढी हा शब्द वापरत नसे. तिचे वडील धारवाले होते; आजा-पणजाही कात्र्या-सुऱ्यांना धार लावत आलेले. धारवाले चांगली कात्री लांबवतात आणि भलतीच हातात ठेवतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून धाकटीने घरचा धंदा सांगितला नव्हता. कापायचं टेबल कुणाला द्यायचं, ते शिवणखाना चालवणारे मास्तर शनिवारी ठरवणार होते, आणि तिला ते हवं होतं.

एक सवय मात्र लपत नव्हती. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, घेणाऱ्याने ती स्वतः उचलायची, असं तिला घरी शिकवलेलं. म्हणजे बोट कापलं तर कुणी कुणाला बोल लावत नाही. सगळ्यांत जुन्या कारागीर ताई. त्या हात पुढे करायच्या आणि धाकटी कात्री टेबलावर ठेवायची.

"हातात दे की गं! मी काय खाणार आहे का तुला?"

"सवय आहे, ताई."

"भलतीच सवय. ही तर धारवाल्यांची तऱ्हा."

"त्यांच्याकडे असं करतात का?" धाकटी म्हणाली, आणि मान खाली घालून कापडावर खडूच्या रेघा ओढत राहिली.

शुक्रवारी मास्तरांनी धारवाल्याला बोलावलं. आले ते तिचेच वडील. कधी बोलावणं आलंच तर ओळख दाखवायची नाही, असं घरी ठरलेलं होतं. त्यांनी दारात चाक मांडलं. "बाई, जरा उजेड सोडा," एवढंच ते लेकीला म्हणाले.

नववी, शेवटची कात्री धार लावून त्यांनी पायरीवर ठेवली. ताईंनी कोरडी चिंधी कापून पाहिली. "झाली की झकास."

धाकटीने ती उचलली, चिंधी ओली केली आणि नुसत्या टोकाने कापून पाहिली. चिंधी कापायच्या ऐवजी दुमडली.

"टोक राहिलंय, बाबा."

चाक थांबलं. सगळ्या वळून बघू लागल्या.

म्हातारा घाईने हसला. "वय झालं की सगळेच बाबा म्हणतात, बाई."

वाट मोकळी होती. नुसतं हसलं असतं तरी भागलं असतं. धाकटीने कात्री परत पायरीवर ठेवली.

"तुम्ही दर वेळी टोक ठेवता, बाबा. आई रोज कानीकपाळी ओरडते."

म्हाताऱ्याने कात्री उचलली आणि निमूटपणे टोकाला धार लावली.

त्या संध्याकाळी ताईंनी कात्र्या दोनदा मोजल्या. नऊच्या नऊ होत्या.

शनिवारी मास्तर म्हणाले, "टेबल तुझं. ते टोक माझ्याही लक्षात आलं नसतं." मग जरा थांबून म्हणाले, "कात्र्यांच्या कपाटाची किल्ली मात्र ताईंकडे राहू दे." आजवर ती टेबलावरच्या माणसाकडे असायची.

धाकटीने टेबल पुसलं आणि कामाला लागली. दुपारी ताईंनी हात पुढे केला.

तिने कात्री टेबलावर ठेवली.

"अगं, हातात!"

"आमच्याकडे ठेवतात, ताई."

ताईंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी कात्री उचलली.