दारावर डकवलेली नोटीस

मी कोर्टाचा बेलीफ. माणूस भेटला तर नोटीस हातात द्यायची, दाराला कुलूप असलं तर दारावर डकवायची, हे माझं काम. अठ्ठावीस वर्षांत हाताला इतकी सवय झालीय, की कुलूप दिसलं की पिशवीतून डिंकाची बाटली आपोआप बाहेर येते. डोक्याला कुणी विचारतच नाही.

त्या मंगळवारी तेच नडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला कुलूप होतं. मी झकास नोटीस डकवली, वाटेत चहा घेतला आणि कोर्टात परतलो.

कारकूनबाईंनी माझा अहवाल वाचून कपाळावर हात मारला.

"अहो बेलीफमामा, दत्तकाची नोटीस होती ती! जन्म देणाऱ्या आईच्या हातातच द्यायची, तीही गुपचूप. लग्नाआधीची मुलगी, पाच वर्षांपूर्वी संस्थेत सोपवलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नव्हता. आता अख्ख्या इमारतीला वाचायला मिळाली की!"

नोकरीची भीती नंतर वाटली, खरं सांगतो. आधी डोळ्यांपुढे आलं ते दार. गुडघ्यांना शिव्या घालत मी पुन्हा तिन्ही जिने चढलो.

दारावर कागद नव्हता, नुसते ओले डाग होते. दार उघडं होतं. आत तिशीतली एक बाई, लॉन्ड्रीचा निळा एप्रन अजून अंगावरच, टेबलावर इस्त्री फिरवत होती. इस्त्रीखाली माझीच नोटीस. पाण्याने भिजवून इतक्या हलक्या हाताने सोडवली होती, की एक कोपराही फाटला नव्हता.

"ताई, चूक माझी आहे," मी हात जोडले. "कुणी वाचली का?"

"समोरच्या काकूंनी. मी आले तेव्हा चौघी जमल्या होत्या."

मेलो, मी मनात म्हटलं.

तिने इस्त्री उभी केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'जन्मदात्री आई', पुढे तिचं पूर्ण नाव.

"हा शिक्का कोर्टाचाच ना?"

"कोर्टाचाच."

"पाच वर्षांत मला कुणी तिची आई म्हटलं नाही हो. मी स्वतःसुद्धा नाही."

मी विचारलं, "हरकत घ्यायचीय?"

"छे! तिला घर मिळतंय, मी कशाला आडवी येऊ? येईन तारखेला, माझ्या तोंडाने सांगेन." तिने पोचपावतीवर सही केली. "मग कागदोपत्री आई दुसरी, ना?"

"हो."

"म्हणजे तारखेला अजून अकरा दिवस आहेत. मामा, जरा तुमचा डिंक द्या."

मी बाटली दिली. ती बाहेर आली, कागदाला डिंक लावला आणि होता तिथेच दारावर डकवला. तळव्याने सुरकुत्या काढल्या. समोरच्या काकू दारात उभ्याच होत्या.

"मघाशी अर्धवट राहिलं असेल, काकू," ती म्हणाली. "वाचा आता सावकाश."

मी डकवलेल्या नोटिसा लोकांनी फाडल्यात, चुरगाळून माझ्या तोंडावर फेकल्यात. स्वतःच्या हाताने स्वतःच्या दारावर लावणारी ही पहिलीच. एवढं मोठं माणूस मी कोर्टातही पाहिलं नव्हतं.

डिंकाची बाटली मी तिच्या उंबऱ्यापाशी ठेवून आलो. अकरा दिवसांत एखादा कोपरा सुटला तर लागेल.