अपेक्षित शंभर प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. रंगाने चांगला हिरवागार, पण जपानी लोकही मला 'काळा फळा'च म्हणतात, आणि इतकी वर्षं ऐकून मी तक्रार करायचं सोडून दिलं आहे. तुम्ही म्हणाल, जपानचा फळा मराठी कसा काय बोलतो? अहो, फळ्याला कुठली आलीय मातृभाषा! त्याच्यावर जे लिहाल ती त्याची भाषा. माझ्यावर उभं आयुष्य जपानी लिहिलं गेलं आणि म्हातारपणी मराठीही.

माझा जन्म नागोयाजवळच्या एका कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यावर हिरवा लेप देऊन मला भट्टीत भाजलं. बाहेर आलो तेव्हा असा लकाकत होतो की कामगारांनी हात फिरवून बघितला. तिथून मी तोक्योला आलो, कोतो भागातल्या एका प्राथमिक शाळेत. तिथली मुलं पाळीपाळीने मला पुसायची. कोपऱ्यात पाढे, वर तारीख, खाली कुणीतरी काढलेला बेडूक. त्या शाळेत मला फार मान होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो राहिला नाही.

आसपासची मुलं मोठी होऊन निघून गेली, नवी जन्मेनात, आणि शाळा बंद पडली. मला चाकांच्या चौकटीत बसवून वस्तीच्या सभागृहात ढकललं. वरच्या मजल्यावर पुष्परचनेचा वर्ग भरायचा. त्या बायकांच्या फुलदाण्यांमागे मी उभा. मध्यंतरी तर माझ्यावर कचऱ्याचं वेळापत्रक चिकटवलं होतं, जळणारा कचरा अमुक वारी, बाटल्या तमुक वारी. पाढे गिरवलेल्या फळ्याच्या नशिबी हे यावं! असो.

मग दोन हजार सालानंतर कोतोच्या इमारतींमध्ये पुण्या-मुंबईचे संगणकवाले राहायला आले. आधी एकेकटे आले, मग बायका-मुलं आली. सभागृहात दर शनिवारी परदेशी लोकांसाठी जपानीचा फुकट वर्ग सुरू झाला आणि मला पुन्हा बाहेर काढलं. शिकवायला कुरोइवा-सेन्सेई होते. सेन्सेई म्हणजे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, इतके हळू बोलणारे की दोन शब्दांच्या मधे चहा पिऊन व्हावा.

त्या वर्गात सुलेखा यायची. पुण्याची, बोर्डात नंबर काढलेली. नवरा चारुदत्त एका जपानी कंपनीत कंत्राटावर, शनिवारीसुद्धा कामावर. मुलगी अक्षया जवळच्याच जपानी शाळेत चौथीत. तीन वर्षांची असताना आली ती, त्यामुळे आई मराठीत विचारणार आणि लेक जपानीत उत्तर देणार, असा संवाद. शनिवारी ती आईबरोबर यायची आणि मागच्या खुर्चीवर नाक मुरडून बसायची.

या घराला एक काळजी होती. चारुदत्तचं कंत्राट दरवर्षी टांगणीला लागायचं. कंत्राट गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की जिला मराठी धड वाचता येत नाही अशा मुलीला उचलून पुण्याच्या शाळेत घालायचं. म्हणून घराने जपानी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. चारुदत्तचं जपानी ऑफिसात रोज घासून चांगलं झालेलं. अडणार होतं ते सुलेखामुळे. हे तिला कुणी बोललं नव्हतं, पण न बोलता कळण्याइतकी ती हुशार होती. मुलाखतीची तारीख आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिच्या मदतीला धावला सुशील. तो चारुदत्तचा मित्र, एका बँकेतला. त्याने एक पुस्तिकाच तयार केली होती, 'जपानी नागरिकत्व : अपेक्षित शंभर प्रश्न'. न्यू जर्सीच्या मेहुण्याने अमेरिकेच्या नागरिकत्व-परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ केले होते, तेव्हा जपानचेही असणारच, असा त्याचा हिशेब. उत्तरं त्याने जिम्बोचोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या एका सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून काढली. वरती मराठी, खाली जपानी, शेवटच्या पानावर 'चूकभूल द्यावी घ्यावी'. कोतोतल्या मराठी घरांत ती पुस्तिका हातोहात फिरली. परीक्षा म्हटली की अपेक्षित प्रश्न हवेतच, त्याशिवाय आपल्या माणसाला धीर येत नाही.

सुलेखाने ती पाठ केली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, गाडीत उभी असताना. एका शनिवारी ती सुशीलला बरोबर घेऊन वर्गाच्या आधीच आली आणि तिने खडू उचलला. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! डावीकडून सुरुवात करून तिने जपानचे सत्तेचाळीस प्रांत आणि प्रत्येकाचं मुख्य शहर लिहून काढलं. कागद नाही, अडखळणं नाही. उत्तरेच्या साप्पोरोपासून दक्षिणेच्या नाहापर्यंत खडू नुसता धावत होता. माझ्यावर इतके गुरुजी लिहून गेले, पण सगळा देश एका दमात कुणी लिहिला नव्हता. मी थक्क झालो. मला तोंड असतं तर मी त्यात बोट घातलं असतं.

सेन्सेई आले आणि दारातच थांबले. मग माझ्याजवळ येऊन एकेक नाव वाचू लागले. त्यांचेही डोळे विस्फारले होते. वाचता वाचता साइतामा प्रांतापाशी ते अडले. तिथे मुख्य शहर म्हणून 'उरावा' लिहिलं होतं. सेन्सेईंनी त्या शब्दावर नुसतं बोट ठेवलं.

"मी मूळचा या उरावाचा," ते म्हणाले. "उरावा शहर आता नाही. शेजारच्या गावांत मिळवलं आणि सगळ्यांचं मिळून साइतामा शहर केलं. सहा वर्षं झाली. सुलेखा-सान, हे तुम्ही इतकं सुंदर लिहिलंत, मला पुसवत नाही."

सुलेखाने पुस्तिका त्यांच्या हातात दिली. सेन्सेई ती चाळू लागले आणि त्यांच्या कपाळावरची आठी एकेका पानाला खोल होत गेली. सगळ्यात लांब नदी म्हणून 'तोने' दिली होती, खरी लांब शिनानो. अर्थखात्याचं नाव केव्हाच बदललेलं, इथे जुनंच. शेवटी त्यांनी फार संकोचून विचारलं की, हे सगळं कशासाठी पाठ करायचं? नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी, असं सुशीलने अभिमानाने सांगितलं. सेन्सेईंनी मान तिरकी केली. अशी परीक्षा नसते, ते म्हणाले. साधारण तिसरीतल्या मुलाइतकं वाचता आणि लिहिता यावं, एवढंच बघतात.

पुस्तिकेतल्या चुका एकवेळ चालल्या असत्या, पण परीक्षाच नाही म्हटल्यावर सुशीलचा चेहरा उतरला. त्याने चाचरत आठवण करून दिली की, शेवटच्या पानावर स्पष्ट छापलंय, चूकभूल द्यावी घ्यावी.

"तुम्ही दिलीत हो भावजी," सुलेखा म्हणाली, "आणि मी ती सगळी घेतली. पाठ करून घेतली."

सेन्सेईंनी वातावरण सावरायला तिला एक सोपं काम सांगितलं. आज सकाळी घरात काय झालं, ते दोन ओळींत लिहा. तिने खडू टेकवला. पुढे हात हलेना. साप्पोरो ते नाहा येणाऱ्या बाईला 'आज सकाळी' येईना! मागून अक्षया जपानीत पुटपुटली की, आई, एवढंही येत नाही तुला?

मला वाटलं, ही आता खडू टाकून घरी जाणार. तिने डस्टर उचललं. एका टोकापासून सुरुवात करून तिने सगळे प्रांत पुसले, सगळी शहरं पुसली. उरावा आलं तेव्हा तिने सेन्सेईंकडे पाहिलं, त्यांनी हळूच मान हलवली, मग तेही पुसलं. एवढ्या मेहनतीचं पाठांतर स्वतःच्या हाताने पुसताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं, मोठ्या माणसाला तर नाहीच. त्या दिवशी त्या बाईबद्दल मला जो आदर वाटला, तो आजतागायत कमी झालेला नाही.

पुढच्या शनिवारी तिने वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'सकाळी पोहे केले. मुलीने खाल्ले नाहीत.' त्याच्या पुढच्या वेळी, 'दुकानात गेले. बाईने काहीतरी विचारलं. मी हसले.' मला सांगा, बोर्डात आलेल्या माणसाने चारचौघांत असं लिहायला काय काळीज लागत असेल! चुकलं की ती मागे वळून अक्षयाला विचारायची, मग कसं ते सांग ना गं. अक्षया म्हणायची, 'मेंदोकुसाई', म्हणजे काय कटकट आहे. सुलेखा तोही शब्द वहीत उतरवून घ्यायची.

एक गोष्ट मात्र तिने त्या पुस्तिकेतली सोडली नव्हती, शंभरावा प्रश्न. तुम्हाला जपानी नागरिक का व्हायचं आहे? त्याचं उत्तर सुशीलने झकास लिहिलं होतं. शिस्त, स्वच्छता, साकुराची फुलं, फुजी पर्वत. हा प्रश्न विचारतात हे सेन्सेईंनीही कबूल केलं. मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी सुलेखाने ते उत्तर माझ्यावर बिनचूक लिहिलं. सेन्सेईंनी वाचलं आणि विचारलं, "फार छान आहे. हे कुणाचं उत्तर?"

तिच्याजवळ दुसरं नव्हतं. खरं सांगतो, त्या आठवड्यात माझाही जीव टांगणीला लागला होता.

मुलाखत झाल्यावरच्या शनिवारी ती आली तेव्हा कुणाची विचारायची हिंमत होईना. सुशील तर दाराशीच उभा. तिने सेन्सेईंना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की, अधिकारी तरुण होता, वाचायला दिलं ते वाचता आलं. मग त्याने कोरा कागद पुढे ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. शंभरावं उत्तर जिभेवर होतं, पण पेन ते लिहीना. मग जे सुचलं ते लिहिलं. काय लिहिलं, असं सेन्सेईंनी विचारल्यावर ती माझ्याकडे आली. मोठ्या अक्षरांत, एकेक ओळ थांबत थांबत, तिने लिहिलं :

'माझी मुलगी झोपेत बोलते. ती जपानीत बोलते. मी शेजारी असते. मला कळत नाही. मला ते कळायला हवं आहे. म्हणून मला इथे राहायचं आहे.'

मी पुष्कळ वाक्यं अंगावर वागवली आहेत, सुविचार तर रोजचे. पण इतकं खरं वाक्य माझ्यावर कधी लिहिलं गेलं नव्हतं. मी भारावून गेलो. सेन्सेईंनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. सुशीलने हातातली पुस्तिका गुपचूप पिशवीत सारली.

मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अक्षया पुढे आली होती. आणि मित्रांनो, ती चक्क मराठीत बोलली.

"आई, मी झोपेत बोलते?"

"रोज नाही."

"काय बोलते?"

"अजून सगळं नाही कळत गं," सुलेखा म्हणाली. "हळू बोललीस तर कळेल."

अक्षया तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्या दिवसापासून तिथेच बसू लागली. वर्ग संपल्यावर मला पुसायचा नियम होता. शिस्तीचे पक्के सेन्सेई त्या दिवशी न पुसता निघून गेले. सोमवारी पुष्परचनेच्या बायका आल्या, त्यांनी थांबून वाचलं, आणि त्यांनीही मला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी मंजुरीचं पत्र आलं. तेवढ्यात जगभर मंदी आली होती आणि चारुदत्तचं कंत्राट गेलं होतं. शेजारच्या कितीतरी घरांनी सामान बांधलं. या घराने बांधलं नाही. भारताचे निळे पासपोर्ट परत करायची वेळ आली तेव्हा सुलेखा खूप रडली, असं अक्षयानेच वर्गात सांगितलं. चारुदत्तला नवी नोकरी मिळायला वेळ लागला, पण कुणाला देश सोडावा लागला नाही.

आता सभागृहात पांढरा फळा आला आहे. त्याच्यावर खडू नाही, शाईचे पेन चालतात, आणि त्याचा तोरा विचारू नका. मी परत फुलदाण्यांमागे आहे. अंगावर पोचे पडले आहेत, एक चाक फिरत नाही. तरी मला दुःख नाही, कारण जे मी पाहिलं ते त्या पांढऱ्या साहेबाने पाहिलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या कापडाने हळुवार पुसा आणि त्याच्यावर कंपासपेटीतल्या करकटकाच्या टोकाने नावं कोरू नका. छापलेलं आहे म्हणून सगळं खरं धरून चालू नका, आणि चुकीचं पाठ झालं असेल तर पुसायला लाजू नका. आणि आईने एखादा शब्द दुसऱ्यांदा विचारला, तर 'काय कटकट आहे' असं म्हणण्याआधी जरा थांबा. ती तुमचं झोपेतलं बोलणंसुद्धा समजून घ्यायला बघत असते.