गुलाबी कड

ताईंच्या उजव्या हाताची तीन बोटं बारा महिने निळी असत. जनावरांच्या रोगांच्या त्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढल्यावर बोटांपुढे साबणानं हात टेकले होते, आणि खरं सांगायचं तर तो रंग निघावा असं ताईंनाही वाटत नसे. बाजारात कुणी विचारलंच तर त्या बोटं आणखी पुढे करत.

त्यांचा खरा जीव खिडकीतल्या एका बाटलीत होता. मिथिलीन ब्लूचं द्रावण ताजं असताना नुसतं निळं असतं. झाकण सैल ठेवून, रोज हलवून, उजेडात वर्षभर मुरवलं की त्यात जांभळी झाक उतरते. मग काळपुळीनं मेलेल्या गुराचं रक्त काचेवर घेऊन त्यानं रंगवलं, की निळ्या जंतूंभोवती गुलाबी कड उमटते. ताज्या रंगात जंतू दिसतात, कड दिसत नाही. काळपुळी माणसालाही धरते, त्यामुळे मेलेल्या जनावराला सुरी लावायची की नाही, हे त्या एवढ्याशा कडेवर ठरे.

इतकी वर्षं अवघड काच आली की साहेबांची हाक ठरलेली असायची, "ताई, जरा बघता का?" नवी मुलगी आली आणि दोन महिन्यांत ती हाक तिच्या टेबलाकडे वळली. पोरगी हातमोजे घालून काम करायची. बोटं कशी स्वच्छ, जणू आत्ताच लग्नाला निघाली आहे. हिला रंगातलं काय कळतंय, असं ताई चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून आल्या. कळत होतं, हेच तर दुखणं होतं. तिच्या काचा सुरेख निघत, आणि ताई त्या कुणी नसताना भिंगाखाली घालून बघत आणि जळत.

एका सकाळी साहेब सहज म्हणाले, "ताई, ती खिडकीतली बाटली आता हिच्याकडे असू द्या. तुम्ही तरी किती दिवस दमणार?"

दमणार! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे जेवायला गेले तेव्हा त्यांनी मुरलेला रंग औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून आपल्या कपाटात दडवला आणि जुन्या बाटलीत ताजं द्रावण भरलं. पोरीच्या चार काचा फसतील, साहेबांना आपली आठवण होईल, एवढाच त्यांचा हिशोब होता. पुढचा विचार त्यांनी केला नाही.

चौथ्या दिवशी गुरांचे डॉक्टर धापा टाकत आले. एक गाय उभ्या उभ्या कोसळली होती. कानातल्या रक्ताच्या दोन काचा त्यांनी आणल्या होत्या, आणि तिकडे दोन माणसं सुऱ्या घेऊन खोळंबली होती. मुलीनं एक काच रंगवली, बराच वेळ पाहिली आणि कड नाही म्हणून सांगितलं. साहेबांनीही पाहून मान हलवली. मग पोट उघडून बघतो, असं म्हणत डॉक्टर जिना उतरू लागले.

ताई मोरीवर काचा धूत होत्या. त्यांच्या हातातली काच निसटून फुटली. जिन्याच्या तोंडाशी धावत जाऊन त्यांनी डॉक्टरांना थांबवलं, कपाटातली बाटली काढली आणि दुसरी काच रंगवली. एका मिनिटाचं काम, पण घाईत अर्धा रंग टेबलावर सांडला.

साहेबांनी डोळा लावला. स्वच्छ गुलाबी कड. त्यांनी लगेच डॉक्टरांकरवी त्या दोन माणसांना फोन लावला. सुऱ्या टेकल्या नव्हत्या.

"ताई, तुमचा हात धरणारं कुणी नाही," साहेब म्हणाले. दोन महिने ताई याच वाक्याची वाट बघत होत्या. मग ते मुलीकडे वळले. उद्यापासून तिनं रंगाला हात लावायचा नाही, काचा धुवायच्या, असं त्यांनी फर्मावलं आणि ते खोलीत गेले. मुलीनं चूक माझीच म्हणून मान खाली घातली.

थोड्या वेळानं ती मोरीपाशी आली. हातमोजे काढलेले होते.

"ताई, बाटली आधी अर्धी होती ना? माझ्याकडे आली तेव्हा गळ्यापर्यंत भरलेली होती. मला वाटलं, मला कमी पडू नये म्हणून तुम्ही तुमच्याजवळचा साठा त्यात घातलात. आणि मी तोही नीट वापरला नाही. एकदा शेजारी बसवून शिकवाल?"

तिनं भांडण काढलं असतं तर ताईंनी दोन शब्द जास्तच ऐकवले असते. पण हिला वाईट शंकासुद्धा आली नव्हती. असं मन आपल्याला का नाही मिळालं, म्हणून ताईंना त्याचाही हेवा वाटला. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि साहेबांच्या खोलीचं दार लोटलं.

बाटली कुणी बदलली ते त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. साहेबांनी त्यांच्या निळ्या बोटांकडे पाहिलं.

"पण का, ताई?"

"तुम्ही तिला हाक मारायला लागलात म्हणून."