अक्षरांच्या मापाची नोंद

मी संगणकाच्या पोटातली एक नोंद आहे. पडद्यावरची अक्षरं किती मोठी दिसावीत, ते मी सांभाळते. इंडोनेशियातल्या सालातिगा गावच्या या घरात मला चौदा वर्षं झाली.

आमच्या वस्तीला रजिस्ट्री म्हणतात. यंत्राच्या सगळ्या सवयी तिथे लिहिलेल्या असतात. शेजारी तऱ्हेतऱ्हेचे. कुणी मजकूर प्रकारचा, त्याच्यात नावं-पत्ते मावतात. कुणी अनेक ओळींचा, तर कुणाचं बोलणं फक्त यंत्रालाच कळतं. मी संख्या प्रकारची. आकडा कुणीही बदलावा, पण माझ्यात शब्द मावत नाही. सुरुवातीला मी शहाण्णव होते.

घर हार्जोंचं; ते टपाल कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगी वेनिंग तैवानला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, तिच्या पत्रांसाठी त्यांनी यंत्र आणलं. दर रविवारी ते पत्र पडद्यावर उघडून द्यायचे, तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, आणि मोगऱ्याचा चहा घेऊन बसायचे, आणि त्यांची बायको लास्मीबाई मोठ्याने वाचायच्या. फार गोड रविवार होते ते.

मग लास्मीबाई वाचताना अडखळू लागल्या. आपलं दुखणं सांगून घरच्यांना घोर लावू नये, ही इथली रीत. त्या एवढंच म्हणायच्या, पोरगी हल्ली बारीक लिहिते. हार्जोंनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बायको ओशाळली असती.

एका सकाळी त्या बाजारात गेल्यावर हार्जोंनी वहीत उतरवलेल्या सूचना वाचत मला गाठलं आणि एकशेवीस लिहिलं. पण आकडा लिहायची चौकट दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजत होती, त्यामुळे मी झाले दोनशे अठ्ठ्याऐंशी. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर एकेक अक्षर बशीएवढं! म्हातारबाबांना घाम फुटला. बायको परतायच्या आत त्यांनी मोजणी बदलली आणि मला कसंबसं एकशेवीसवर आणलं.

त्या रविवारी लास्मीबाई एका दमात वाचून गेल्या.

"शहाणी हो पोर. आता मोठं लिहिते."

"तुझीच आहे," हार्जो म्हणाले आणि चहाच्या पेल्यात तोंड खुपसलं.

पुढे मी एकशे चव्वेचाळीस झाले, एकशे अडुसष्ट झाले, शेवटी एकशे ब्याण्णव. दर वेळी त्या बाजारात असतानाच.

गेल्या महिन्यात हार्जो गेले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला वेनिंग आली. लास्मीबाई तिचा हात धरून म्हणाल्या, तू अक्षर मोठं करत गेलीस म्हणून वाचता आलं गं. वेनिंग गोंधळली. तिने कधीच काही बदललं नव्हतं.

यंत्र आता धापा टाकतं, म्हणून पत्रं नव्या यंत्रात हलवायला शेजारचा बाग्यो आला. त्याने मला उघडून पाहिलं आणि वेनिंगला म्हणाला,

"ताई, हे कुणीतरी मुद्दाम हाताने दुप्पट केलंय. नेहमीचं करून देऊ का?"

लास्मीबाईंनी ते ऐकलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं लपवत बसले."

मला सगळं सांगायचं होतं हो, पण माझ्यात फक्त आकडा मावतो. का, कुणासाठी, हे लिहायला जागाच नाही. म्हणून तुम्हाला विनवते, कुणाच्या यंत्रात असा वेडावाकडा आकडा दिसला तर पुसण्याआधी घरच्यांना विचारा.

उद्या हे यंत्र भंगारात जाईल. नव्या यंत्रात माझ्यासारखीच नोंद उघडली आहे. आईला आणखी मोठी अक्षरं लागतील, असं वेनिंग म्हणत होती.

"नको," लास्मीबाई म्हणाल्या. "त्यांनी ठेवलंय तेवढंच राहू दे. नाही दिसलं, तर आता मी सांगेन."