ओवशाची सुपं

जावयाच्या दुसऱ्या बायकोला काय म्हणायचं, सांगा बघू! मी भाट्याची येसूबाई, बोलण्यात कुणाला ऐकणारी नव्हे, पण इथे माझीच बोलती बंद. माझी दर्शना जाऊन तीन वर्षं झाली. जावयाने, संदेशने, वैशाखात शमिकाशी लग्न केलं. बरं केलं, माझ्या नातीला, दिशाला, आई हवीच. पण मालगुंडच्या त्या घरात आता मी कोण म्हणून जाऊ? आणि गेले नाही तर दिशा मला विसरेल, ह्या धास्तीने जीव नुसता वरखाली.

शेजारची हौसा म्हणाली, "सवत म्हण."

"अगो, सवत ती माझ्या लेकीची! माझी कोण?" मी खेकसले.

गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी दिशाचा फोन आला. "आजी, शमिकाआई रडतेय. ओवशाची सुपं माहेरहून येतात ना? तिला आईबाबाच नाहीत."

नव्या नवरीचा पहिला ओवसा, गौरीपुढे ओवाळायची सुपं माहेरची, आणि पोर एकटी रडतेय! असा राग आला मला. संदेशला फोनवरच झापला, "गाढवा, मी मेले होते काय?" बाजारातून पाच सुपं आणली, नारळ, काकड्या, खण घेतला आणि सकाळची एसटी पकडली.

ओटीवर ही बायकांची गर्दी. एकीने शमिकाला विचारलंच, "ह्या कोण गो तुझ्या?"

शमिका गांगरली. "ह्या... दिशाच्या..."

"माहेरचं माणूस आलंय," मी म्हटलं. "धर गो सुपं, हात भरून आले माझे."

ओवसा झाल्यावर ती पाया पडली नि हळूच म्हणाली, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"दर्शना आये म्हणायची. तुला जमेल ते म्हण."

ती नुसती मान हलवून सुपं आत घेऊन गेली. मला वाटलं, उगाच बोलून बसले.

संध्याकाळी ती आणि दिशा मला एसटीत बसवायला आल्या. गाडी हलली तशी शमिका खिडकीबरोबर धावत ओरडली, "आये, पोचलीस की फोन कर गो!"

'करा' नाही, 'कर'. मी पदर तोंडाला लावून रडायलाच लागले.

कंडक्टर घाबरला. "काय झालं आजी? कोण ती?"

"कोण काय विचारतोस, मेल्या! लेक माझी."