बुधाजीकाकांचं पान

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. संगणकाला नेमून दिलेल्या कामांची यादी, एवढीच माझी ओळख. मला तोंड नाही म्हणून ते लपवताही येत नाही. लाज मात्र आहे.

माझा जन्म नागावला, निकेतच्या लॅपटॉपवर झाला. निकेत आणि किहीमची मृणाली यांनी खाडीकाठच्या शेतकऱ्यांसाठी भरतीची वेळ सांगणारं ॲप केलं होतं. कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं असं. त्या वेळेला बांधाचं दार, म्हणजे उघाडी, लावली की खारं पाणी शेतात शिरत नाही. ॲपची माहितीपुस्तिका मृणाली हाताने लिहायची आणि ती कायम मागे पडायची. म्हणून निकेतने मला घडवलं. प्रोग्रॅममधल्या टिपा वाचायच्या आणि त्यातून पुस्तिका आपोआप तयार करायची.

पहिल्याच दिवशी मी जुनी पानं झाडून काढली आणि नवी कोरी मांडली. सगळ्यांनी वाहवा केली, मीही फुगले. त्यात बुधाजीकाकांचं पान गेलं. चाळीस वर्षं उघाडी सांभाळलेल्या काकांनी मृणालीला बांधावर बसून सांगितलं होतं, 'अमावास्या-पुनवेला पश्चिमेचा वारा असला तर अर्धा तास आधी दार लावा.' प्रोग्रॅममध्ये ते कुठेच नव्हतं. म्हणून माझ्या लेखी ते नव्हतंच.

श्रावणात उघाडी सांभाळायचं काम गावच्या सगुणावहिनींकडे नवीनच आलं होतं. अमावास्येच्या दुपारी त्यांनी मोबाइलवर माझी पुस्तिका वाचली आणि मिनिट न चुकवता दार लावलं. वारा पश्चिमेचा होता. तोवर पाणी आत शिरलं होतं. त्यांचं लावलेलं भात खारवलं.

तक्रारीच्या पानावर त्यांचा आवाज अजून आहे. "तुमच्या पुस्तकान लिवलंय तसाच केला ना मी. मंग चुकला कुठं?" मागून बुधाजीकाका मृणालीला विचारतात, "पोरी, मी सांगलेला लिवला न्हाय का गो तू?"

मृणालीने बदलांची नोंद उघडली. पान पुसणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

"स्क्रिप्टची काय चूक? मीच तसं शिकवलं," निकेत म्हणाला. त्यापेक्षा त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ते पान परत आलंय. त्याच्या माथ्यावर मृणालीने लिहिलंय, 'हे बुधाजीकाकांचं. स्क्रिप्टने हात लावायचा नाही.' मला कामाला जरूर लावा, पण आधी माणसांनी सांगितलेलं बाजूला काढून ठेवा. मला ते ओळखता येत नाही. रोज पुस्तिका करताना मी ती ओळ वाचते आणि गुपचूप पुढे जाते. सगुणावहिनींचं शेत यंदा रिकामं आहे.