रेषेबाहेरचं टिंब

आमच्या मुख्याध्यापिका माग्सिनो मॅडम यांना बढती हवी होती आणि बढतीसाठी शोधनिबंध लागतो. लिपा शहरातून त्या एक प्रश्नावली घेऊन आल्या. चाळीस प्रश्न, सगळे इंग्रजीत. कोणतं मूल डोळ्यांनी शिकतं, कोणतं कानांनी आणि कोणतं हातापायांनी, हे म्हणे त्यातून कळतं. आमच्या मुलांना प्रश्नच कळले नाहीत, त्यांनी दिसेल तिथे खुणा केल्या. त्यावरून डोळेवाल्यांना पिवळी फीत मिळाली, कानवाल्यांना हिरवी आणि हातपायवाल्यांना लाल.

मी गणित शिकवतो. माझं नाव हेर्मोखेनेस मालाबानान. फिलिपिन्समधल्या ताल सरोवराकाठच्या या शाळेत मला एकोणीस वर्षं झाली. त्या दिवसापासून मी पिवळ्यांना समीकरणाचं चित्र दाखवायचं, हिरव्यांना तेच गाऊन दाखवायचं आणि लाल फीतवाल्यांकडून प्रत्येक बरोबरच्या चिन्हाला उडी मारून घ्यायची, असा हुकूम निघाला. आणि हे सगळं एकाच तासाला. पन्नाशीला आलेला माणूस फळ्यासमोर वर्गमूळ गातोय, हे ज्याने पाहिलं नाही त्याने माझ्या रागाला नावं ठेवू नयेत.

वर इंग्रजीची सक्ती होतीच. शाळेच्या आवारात टागालोग, म्हणजे आमची घरची भाषा, बोललं की गळ्यात पुठ्ठ्याची पाटी यायची, 'मी टागालोग बोललो'. नियम सगळ्यांना सारखा, मास्तरांनाही. पाटीवाल्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती राहील, त्याने अख्खं आवार झाडायचं. एक गंमत मात्र होती. पाटी एकदा गळ्यात आली की आणखी शिक्षा नाही, त्यामुळे पाटीवाला पोटभर टागालोग बोलून घ्यायचा. बाकीची शाळा मूग गिळून बसलेली असायची. मॅडम वहीत लिहायच्या, 'टागालोगचा वापर जवळपास बंद.'

माझ्या वर्गात पस्तीस मुलं होती. त्यात लिवायवाय कातिगबाक ही एक. आई बाजारात तावीलिस मासळी विकायची आणि चार वाजता पोरीला टोपलीशी हजर व्हावं लागायचं. झाडलोट गळ्यात पडली असती तर आईचा धंदा बुडाला असता. म्हणून ही शाळेत तोंडच उघडायची नाही. जूनपासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. गणितात अठ्ठ्याण्णव, इंग्रजी बोलण्यात शंभरपैकी चार. चार गुण नमस्कार केल्याबद्दल होते.

एके दुपारी मॅडमनी मला बोलावलं. संगणकाच्या दुकानातला नेस्तोर तिथे एक आलेख पसरून बसला होता. गावातल्या सगळ्या शोधनिबंधांची आकडेमोड तोच करतो, आणि मधल्या वेळात लग्नपत्रिका छापतो.

"हे बघा, सर," तो म्हणाला, "इंग्रजी वाढलं की गुण वाढतात, अशी झकास रेष येतेय. पण हे एक टिंब वर डावीकडे जाऊन बसलंय. पार वाट लावलीय त्यानं रेषेची."

ते टिंब कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

"तिला गणितात साठ द्या," मॅडम म्हणाल्या. दार बंद होतं, त्यामुळे त्या टागालोग बोलत होत्या.

"मी नाही देणार."

"मग पंधरा दिवसांत तिला इंग्रजी बोलायला शिकवा."

"मलाच कुठे येतं, मॅडम?"

नेस्तोरने घसा खाकरला. "टिंब पुसता येतं हो. शास्त्रात चालतं ते. फक्त ती पोर यादीत नको."

दुसऱ्या दिवशी हजेरीपटात तेविसाव्या नावावर पांढरा रंग फिरवलेला दिसला. बावीस झाल्यावर मी चोवीस म्हणालो तेव्हा लिवायवायने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना. शुक्रवारी बातांगासच्या विज्ञान शाळेच्या प्रवेश परीक्षेला नावं जायची होती, हजेरीपटावरून. तिथे जेवण, राहणं, पुस्तकं सगळं सरकारी. ही एकच वाट होती त्या पोरीला, आणि मी एकोणीस वर्षं नोकरी सांभाळलेला माणूस गप्प बसलो. लाज वाटते सांगताना.

गुरुवारी तपासणीला दिमाकुलांगान साहेब आले. फाटकावर त्यांच्या चेहऱ्याचा दोन पुरुष उंचीचा फलक लावला होता. वर्गात मागच्या भिंतीवर त्या आलेखाचा मोठा फलक, त्यावर मॅडमची सरळसोट रेष. मुलांना आठवडाभर पढवून ठेवलं होतं. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मी फक्त उजव्यांना उठवायचं. ही युक्ती आमच्या सगळ्याच शाळांत चालते, साहेब स्वतः मास्तर होते तेव्हा त्यांनीही केली असणार. लिवायवायला कपाटाशेजारी बसवून मॅडमनी बजावलं होतं, "तू हातच वर करायचा नाहीस. तू नाहीयेस."

मी गायलो, लाल फितींनी उड्या मारल्या, साहेब खूश झाले. खूश झाले तिथेच घोटाळा झाला. त्यांनी स्वतःच फळ्यावर गणित लिहिलं. एक टाकी, दोन नळ आणि तळाला एक भोक. चौतीस डावे हात ताडकन वर गेले.

"वा!" साहेब इंग्रजीत म्हणाले. "सगळ्यांना येतं! फक्त त्या कपाटाजवळच्या मुलीला येत नाही. ये बाळ, घाबरू नकोस."

लिवायवाय उठली. फळ्यापाशी गेली आणि सहा ओळींत टाकी भरून मोकळी झाली. एक उडीसुद्धा मारली नाही.

साहेबांनी तिचं नाव विचारलं. ती मॅडमकडे बघू लागली.

"सर, ही मुलगी नाहीये," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

"नाहीये? समोर उभी आहे की!"

"उभी आहे, सर. पण यादीत नाही."

माझं डोकं सणकलं. "आहे!" मी टागालोगमध्ये ओरडलो. "माझ्या वर्गातली आहे! नंबर तेवीस! अठ्ठ्याण्णव गुण आहेत तिला, आणि तुम्ही तिच्यावर रंग फासलात!"

पहिल्या बाकावरची पाटीवाली जोसेलिन सकाळपासून सावज शोधत होती. तिने धावत येऊन पाटी माझ्या गळ्यात घातली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

साहेब माझ्याजवळ सरकले. फळ्याकडे डोळे बारीक करून बघत हळूच म्हणाले, तेही टागालोगमध्ये, "मास्तर, ते भोक तिने वजा केलं ते कळलं. पण तिसऱ्या ओळीनंतर काय झालं हो?"

मी विचार केला नाही. केला असता तर माझा हात उठलाच नसता. पाटी काढली आणि साहेबांच्या गळ्यात घातली. नियम म्हणजे नियम.

मॅडमनी खुर्ची धरली. साहेबांनी मान खाली घालून पाटी दोनदा वाचली. मग त्यांचे खांदे सैल झाले, नवा बूट काढल्यावर होतात तसे.

"आता काय, मला सूटच आहे," ते टागालोगमध्येच म्हणाले. "बाळ, तूच सांग. नाव काय तुझं?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते. गप्प राहिली असती तर चारला बाजारात पोचली असती.

"लिवायवाय कातिगबाक," ती टागालोगमध्येच म्हणाली. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. "मी आहे. मी रोज येते, सर. एक दिवस चुकवलेला नाही."

साहेबांनी पाटी काढून तिच्या गळ्यात घातली. मग ती फळ्याकडे वळली आणि बोलायला लागली. नळ म्हणजे बाजारातल्या दोन बाया समजा, एक भरभर टोपली भरते, दुसरी सावकाश, आणि खालून मांजर मासे पळवतंय. आता तासाला किती उरले? हिरवे ऐकत होते, पिवळेही ऐकत होते, लालवाले उड्या विसरले. एकेक डावा हात खाली आला. मग उजवे वर जायला लागले. एकोणीस वर्षांत न सांगता वर गेलेले एवढे उजवे हात मी पाहिले नव्हते.

"हजेरीपट आणा," साहेब म्हणाले.

"सर, माझी रेष वाकेल," मॅडम काकुळतीला आल्या.

"वाकू दे की."

पांढऱ्या रंगावर त्यांनी स्वतः नाव लिहिलं, शेजारी सही केली. लिवायवायने टेबलावरचं जाड पेन उचललं, मागच्या भिंतीपाशी गेली आणि फलकावर वर डावीकडे टाचा उंचावून एक टिंब काढलं. जागा अचूक होती, मी नंतर मोजून पाहिली.

संध्याकाळी ती आवार झाडत होती. शेजारी जोसेलिन होती, तिला ती काहीबाही सांगत होती. मी म्हणालो, "दे ती पाटी इकडे, मी झाडतो. तू आईकडे जा."

"आईला निरोप धाडलाय, सर," ती म्हणाली. "पाटी राहू द्या. मला अजून बोलायचंय."